रेडिएशनचं निम्मं काम मशीन सुरू होण्याआधीच

‘लाईट कधी सुरू होणार?’ नाकाच्या, घशाच्या किंवा लाळग्रंथीच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न हाच येतो. कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक. डॉक्टरांच्या भाषेत ती रेडिओथेरपी. जोरदार क्ष-किरण गाठीवर नेमके सोडायचे आणि तिथल्या पेशींचा डीएनए इतका तोडायचा की त्यांना पुढे वाढता येऊ नये, एवढंच तिचं तत्त्व. सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतील म्हटलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पण आजार दुर्मीळ असेल तर पुढच्या कित्येक गोष्टी याच दोन-तीन आठवड्यांत ठरतात. म्हणून आपण टप्प्याटप्प्यानं जाऊ. इथले आकडे सर्वसाधारण आहेत, आपल्या रुग्णाचे आकडे त्याचे डॉक्टर ठरवतील.

आधी दुर्मीळ कशाला म्हणायचं ते पाहू. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्या पायी होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे रोजचा झाला आहे आणि त्याच्या उपचारांच्या वाटा मळलेल्या आहेत. पण चेहऱ्यात आणि मानेत काही आजार असेही होतात, की एखाद्या डॉक्टरला ते वर्षाकाठी मोजकेच भेटतात. लाळग्रंथींचे कर्करोग, नाकाच्या पोकळीतले आणि सायनसमधले, नाकामागे घशाच्या छतापाशी होणारा, कवटीच्या तळाच्या हाडातून वाढणारा कॉर्डोमा. प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

नेहमीच्या कर्करोगावर मोठे अभ्यास होऊ शकतात. रेडिएशनसोबत किमो दर आठवड्याला थोडी द्यावी की तीन आठवड्यांतून एकदा मोठ्या डोसनं, यावर मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये 300 रुग्णांवर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. लाळग्रंथीच्या एखाद्या विरळ प्रकाराचे 300 रुग्ण एका ठिकाणी जमायचे तर कित्येक वर्षं जातील. तेव्हा अशा आजारात ‘पुस्तकात काय लिहिलंय’ यापेक्षा चार जाणकारांनी एकत्र बसून फाईल पाहणं महत्त्वाचं ठरतं. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, किमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट यांच्या अशा बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस बोर्डात ठेवली का?’ असं विचारायला संकोचू नये. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

त्याच्याही आधी निदान पक्कं करावं. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या दोन गोष्टी लॅबमध्ये राहतात. एक, काचेच्या स्लाइड. दुसरा, मेणात बसवून जपलेला मूळ तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात. दुसरं मत घ्यायला जाताना बहुतेक जण फक्त छापील रिपोर्ट घेऊन निघतात. तिथले डॉक्टर स्लाइड आणि ब्लॉक मागतात. मग परत लॅब, अर्ज, सही, आणि आठवडा गेला. निघतानाच दोन्ही मागून घ्यावं, पोच लिहून द्यावी आणि डबी फाईलसोबत हातात ठेवावी, गाडीच्या डिकीत नको. उन्हात मेण वितळतं.

याची एवढी उठाठेव का? नाकातल्या काही गाठींमध्ये मायक्रोस्कोपखाली नुसत्या लहान, गोल, निळ्या पेशी दिसतात. तशा पेशी लिम्फोमात दिसतात, वास घेणाऱ्या नसांच्या गाठीत दिसतात, मेलानोमात आणि सार्कोमातही दिसू शकतात. त्या ओळखायला खास रंगाच्या चाचण्या लागतात. लिम्फोमा निघाला तर मोठ्या ऑपरेशनची गरज बहुधा पडत नाही. म्हणजे नाव बदललं की सगळी वाटच बदलते.

मानेत गाठ आली की ती घाईनं कापून काढण्याची चूकही होते. आधी बारीक सुईनं पेशी काढून तपासाव्यात आणि नाक, घसा दुर्बिणीतून पाहून घ्यावा. मूळ आजार वर कुठेतरी लपलेला असू शकतो. नाकामागच्या घशाचा कर्करोग तर कित्येकदा पहिल्यांदा मानेतली गाठ म्हणूनच दिसतो, नाहीतर मोठ्या माणसाचा एकच कान महिनोन् महिने बंद वाटतो.

आता यात रेडिएशनची जागा कुठे? इथे तीन वेगवेगळी उत्तरं आहेत.

नाकामागच्या घशाच्या कर्करोगात रेडिएशन हाच मुख्य उपचार. हा आजार नागालँड, मणिपूरकडे जास्त, आपल्याकडे फार थोडा. त्याचा संबंध एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूशी आहे. जागा इतकी खोल की सुरुवातीला तिथे सुरी लावत नाहीत, पण या पेशी किरणांना चांगल्या बधतात. आजार पुढे गेलेला असेल तर जोडीला सिस्प्लॅटिन ही किमो देतात. त्यामुळे किरणांचा असर वाढतो. घरचे मात्र ‘ऑपरेशन नाही’ ऐकून हादरतात, हाताबाहेर गेलं असं समजतात. तसं नसतं. मानेत गाठी आलेल्या असतानाही हा आजार बरा करण्याच्या हेतूनं उपचार होतात.

लाळग्रंथीच्या कर्करोगात उलट क्रम. आधी ऑपरेशन, मग रिपोर्ट पाहून रेडिएशन. कडेला आजार शिल्लक असेल, पेशी आक्रमक असतील, मानेतल्या गाठींत तो पसरला असेल किंवा नसेभोवती पेशी दिसल्या असतील, तर किरण सुचवतात. ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते. ‘जखम पूर्ण भरू दे, मग बघू’ असं म्हणत गावी जाऊन राहिलेला रुग्ण तीन महिन्यांनी परततो, तेव्हा डॉक्टरांचे हात बांधले गेलेले असतात.

सायनसच्या कर्करोगातही बहुधा आधी ऑपरेशन, मग किरण. काही प्रकारांत सुरुवात किमोनं. लाकडाच्या बारीक भुशाशी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत नाकाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे जगभर मान्य झालेलं आहे. पुण्याच्या धायरी-नऱ्हे पट्ट्यात फर्निचरचं काम करणारे बरेच. त्यांच्यापैकी कुणाचं एकाच बाजूचं नाक सतत चोंदत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर सर्दी म्हणून थेंब घालत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आणि पॉलिश पेपर मारताना मास्क लावावा, हे पदरचं.

मग प्रश्न येतो प्रोटॉनचा. साधे क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही थोडा मार देतात. प्रोटॉन हे कण ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ताकद खर्च करून थांबतात. भारतातलं पहिलं केंद्र 2019 मध्ये चेन्नईत सुरू झालं. टाटाच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून ही सोय आहे. कवटीच्या तळाचा कॉर्डोमा, लहान मुलांच्या काही गाठी, एकदा किरण दिलेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ, अशा ठिकाणी तिचा उपयोग आहे. पण ‘महाग आणि नवीन म्हणजे चांगलंच’ या समजुतीनं प्रोटॉनच्या रांगेत महिने घालवणं घातक. बऱ्याच रुग्णांना पुण्यातच, रुबी हॉल किंवा दीनानाथ मंगेशकरसारख्या रुग्णालयांतल्या लिनॅकवर योग्य उपचार मिळतात. लिनॅक म्हणजे विजेवर क्ष-किरण तयार करणारं मशीन. त्यात किरणांची तीव्रता आणि आकार प्रत्येक कोनातून बदलता येतो.

पैशांची व्यवस्था इथेच लावून घ्यावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि रुग्णालय योजनेत असलं तरी रेडिएशनसाठी आहे का हे वेगळं विचारावं लागतं. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बायॉप्सीचा रिपोर्ट दाखवावा. आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, ही अडचण नेहमीची. ती आज सोडवली तर पुढे वेळ जात नाही.

पुढचा मुक्काम दातांच्या डॉक्टरांचा, आणि सगळ्यांत जास्त हयगय इथेच होते. किरणांनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथला दात नंतर काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं. त्यामुळे किडलेले, हलणारे दात आधीच काढायचे, आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यायचे. ‘कॅन्सर झालाय आणि हे दात कसले बघतात?’ असं वाटणं साहजिक आहे. तरी टाळू नये.

मग मोल्ड रूम. डोकं रोज अगदी त्याच जागी, त्याच कोनात राहावं म्हणून चेहऱ्याचा मास्क करतात. भोकं असलेला पांढरा प्लास्टिकचा पत्रा साधारण 70 अंशांच्या पाण्यात सोडतात. तो मऊ आणि पारदर्शक झाला की पाणी निथळून चेहऱ्यावरून मानेपर्यंत ओढून बसवतात. पिळून काढलेला गरम टॉवेल चेहऱ्यावर टाकावा तसं वाटतं. टेक्नॉलॉजिस्ट नाकाच्या, हनुवटीच्या कडेनं बोटं दाबत जातो आणि काही मिनिटांत प्लास्टिक कडक होतं. भोकांतून श्वास नीट घेता येतो. पुढचे सगळे दिवस हा मास्क टेबलाला क्लिपांनी अडकवला जातो. रोजच्या जागेच्या खुणा शक्यतो त्याच्यावरच करतात, त्यामुळे गालावर शाई मिरवावी लागत नाही.

बारीकसारीक गोष्टी इथे बाधतात. मास्क केला तेव्हा बाईंचा अंबाडा होता आणि पहिल्या दिवशी वेणी घातली, तर डोकं वेगळ्या उंचीवर येतं. दाढी ठेवून मास्क केला आणि मग सफाचट केली, तर तो सैल बसतो. कवळी, चमकी, कुड्या, मंगळसूत्र काढूनच झोपायचं. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी आधी सांगावं. डोळ्यांपाशी मास्क कापून देता येतो, सौम्य गोळी देता येते. न सांगता मन घट्ट करून झोपलेला माणूस चौथ्या मिनिटाला हात हलवतो आणि मग सगळं पुन्हा.

मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो आणि रुग्ण घरी जातो. त्यानंतर आठवडाभर फोन येत नाही, आणि घरच्यांना वाटतं की फाईल कुठेतरी पडून आहे. प्रत्यक्षात सर्वांत किचकट काम याच आठवड्यात चाललेलं असतं. डॉक्टर स्कॅनच्या एकेका कापावर गाठीची हद्द हातानं आखतात. मग जिथे पेशी पोचल्या असण्याची शंका आहे तो भाग, मग वाचवायचे अवयव. दृष्टीची नस, मेंदूचा देठ, मज्जारज्जू, आतला कान, लाळग्रंथी, जबडा.

दुर्मीळ आजाराची खरी कसोटी इथे लागते. ॲडेनॉइड सिस्टिक हा लाळग्रंथीचा कर्करोग नसेच्या आवरणातून हळूहळू वर सरकतो. टाळूवरची छोटी गाठ काढली, कडा स्वच्छ निघाल्या, एमआरआयवरही काही नाही, तरी नसेभोवती पेशी सापडल्या असतील तर अनुभवी डॉक्टर त्या नसेचा माग काढतात. ती नस कवटीत जिथून शिरते त्या छिद्रापर्यंतची वाट ते आखणीत घेतात. ही वाट सुटली तर आजार वर्षांनंतर थेट कवटीच्या तळाशी उगवू शकतो. म्हणून ऑपरेशनचा रिपोर्ट, त्यातली नसेबद्दलची ओळ आणि ऑपरेशनपूर्वीच्या एमआरआयची सीडी रेडिएशनच्या डॉक्टरांपर्यंत पोचली का, हे आपण स्वतः पाहावं. सीडी घरातल्या कपाटात आणि आखणी रुग्णालयात, असं होऊ देऊ नये.

सायनसच्या आजारात पेच वेगळा. किरणांचा डोस ग्रे या एककात मोजतात. गाठीला साधारण 60 ते 70 ग्रे द्यावे लागतात आणि दृष्टीच्या नसेला 54-55 च्या वर जाऊ द्यायचं नसतं. दोघांमध्ये अंतर काही मिलिमीटरांचं. डॉक्टर आणि फिजिसिस्ट, म्हणजे डोसचं गणित करणारे भौतिकशास्त्रज्ञ, कोन आणि ताकद बदलत राहून दोन्ही जमवू पाहतात. काही वेळा नाही जमत. मग एका डोळ्याची दृष्टी धोक्यात घालायची की गाठीचा कोपरा कमी डोसवर सोडायचा, हे रुग्णाशी बोलूनच ठरायला हवं. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘डोळा, कान, लाळ, यांचं काय होणार?’ असं नावं घेऊन विचारावं. कागद वाचायला घरी नेला तरी चालतो.

पहिल्या दिवशी फारसं काही घडत नाही, आणि तेच लोकांना खरं वाटत नाही. टेबलावर झोपायचं, मास्क लागतो, भिंतीवरच्या लेझरच्या रेघा खुणांशी जुळवतात, छोटा स्कॅन करून जागा तपासतात, सगळे बाहेर जातात. मशीन भोवती फिरतं. चटका नाही, वेदना नाही. पंधरा-वीस मिनिटांत मोकळं. कॅमेऱ्यातून बाहेरचे सतत बघत असतात, हात वर केला की थांबवतात. या उपचारानंतर अंगात किरण उरत नाहीत, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

बहुधा आठवड्याला पाच अशा 30 ते 35 सिटिंग होतात, म्हणजे सहा-सात आठवडे. धायरीहून हा प्रवास रोजचा. जमलं तर सकाळच्या गर्दीनंतरची वेळ मागून घ्यावी. सिंहगड रोडवर राजाराम पुलापर्यंत पोचायला किती वेळ लागेल ते दहा वाजता आणि बारा वाजता अगदी वेगळं असतं. पहिले दोन-तीन आठवडे रुग्ण स्कूटरवर एकटाही येतो. पुढे येऊ देऊ नये. खारघर किंवा परळच्या टाटामध्ये उपचार ठरले तर रोजचं एक्स्प्रेसवेचं जाणं-येणं झेपत नाही, मुक्कामाची सोय बघावी. परळच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं आधार देते आहे. समाजसेवा विभागात चौकशी केली की अशा जागा कळतात.

सात आठवड्यांत एखादा सण येतोच. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद, पालखीचे दोन दिवस, घरातलं लग्न. लोक एक-दोन दिवस सहज बुडवतात. मात्र तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी वेगानं वाढू लागतात, आणि उपचार लांबला की त्यांना तेवढी सवड मिळते. खाडा अटळच असेल तर आधी सांगावं. काही वेळा एका दिवशी किमान 6 तासांच्या अंतरानं दोन सिटिंग देऊन भरपाई करता येते. मशीन बंद पडलं तर काय करणार हे विचारून घ्यावं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, चव जाते, लाळ चिकट होते. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या कराव्यात. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत. मानेची त्वचा काळवंडते, सोलते. त्यावर हळद, चंदन, कोरफड, काहीही डॉक्टरांना न विचारता लावू नये, घट्ट कॉलर घालू नये. आणि मिश्री किंवा बिडी पूर्ण बंद. आजार तंबाखूचा नसला तरी धुरानं किरणांचा असर कमी होतो आणि तोंडाच्या जखमा चिघळतात.

वजनाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच सुमाराला. वजन उतरलं की गाल बसतात, मास्क सैल होतो, डोकं आत किंचित हलतं आणि मिलिमीटरची सगळी आखणी बिघडते. मग नवा मास्क, नवा स्कॅन, पुन्हा आखणी. मऊ भात, तूप घातलेली मुगाची पातळ खिचडी, नाचणीचं सत्त्व, अंडं, शिकरण, जे उतरेल ते थोडं थोडं आणि वारंवार द्यावं. ‘साखरेनं कॅन्सर वाढतो’ म्हणून गोड बंद करणारे, एकादशी न सोडणारे आणि दिवसभर काढ्यावर ठेवणारे नातेवाईक इथे नकळत नुकसान करतात. गिळवेनासं झालं तर नाकातून नळी घालतात. ती काही आठवड्यांची सोय असते, शेवटची घंटा नव्हे. नळी असतानाही घोटभर पाणी गिळत राहावं आणि तोंड उघडण्याचे व्यायाम चालू ठेवावेत, नाहीतर गिळणं विसरतं आणि जबडा आखडतो.

शेवटची सिटिंग झाली की घरात पेढे येतात. पुढचे दहा-पंधरा दिवस मात्र त्रास वाढतो, कारण पेशींवरचा परिणाम मागून येत राहतो. हे आधी माहीत नसलं की ‘उपचार फसला’ असं वाटून माणूस खचतो. वेदनेच्या गोळ्या आणि गुळण्या याच काळात बंद करू नयेत. पेट स्कॅनचीही घाई नको. तो साधारण 12 आठवड्यांनी करतात, त्याआधी सूज आणि भरणारी जखमही गाठीसारखी चमकू शकते.

पुढची वर्षं फाईल हाताशी ठेवावी. मान किरणांत आली असेल तर थायरॉइडची टीएसएच चाचणी दर सहा महिने ते वर्षानं. दातांना रोज फ्लोराइड. दात काढायची वेळ आली, दहा वर्षांनी का होईना, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन. ॲडेनॉइड सिस्टिक प्रकार दहा वर्षांनंतरही फुप्फुसात डोकं वर काढू शकतो, त्यामुळे ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा हिशेब तिथे लागू नाही. आणि डिस्चार्जच्या वेळी एकूण किती ग्रे, किती सिटिंग, कुठल्या भागाला, याचा कागद आणि पूर्ण प्लॅनची सीडी मागून घ्यावी. पुन्हा किरण द्यायची वेळ आली तर नवे डॉक्टर सर्वांत आधी हीच मागतात.